विंडोज ११ वर हात कसा बसवावा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि वर्षानुवर्षं एकाच पडद्याची सवय झालेली कितीतरी माणसं विंडोज ११ वर आली. माझे वडील त्यांतलेच. सोसायटीचा जमाखर्च ते एक्सेलमध्ये ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी माउस नेहमीसारखा डाव्या कोपऱ्यात नेला, तर तिथे स्टार्टऐवजी हवामान आणि बातम्यांचा पडदा उघडला. ‘मला आता हे जमायचं नाही,’ म्हणाले. त्यांना काम तर सगळं येत होतं, पण कुणीतरी परस्पर स्वयंपाकघरातले डबे वेगळ्या फळ्यांवर लावून ठेवावेत तसं झालं होतं. म्हणून आम्ही आधी जे डबे जुन्या जागी परत ठेवता येतात ते ठेवले, आणि उरलेल्यांच्या नव्या जागा मग सावकाश शिकलो. तुम्हीही याच क्रमाने जा.

पहिलं काम, स्टार्ट डावीकडे आणा. टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा, तळाशी ‘टास्कबार बिहेवियर्स’ आहे, त्यात ‘टास्कबार अलाइनमेंट’ समोर ‘लेफ्ट’ निवडा. हा हट्ट नाही, याला कारण आहे. १९९५ च्या विंडोज ९५ पासून स्टार्ट डाव्या कोपऱ्याशी होतं, आणि कोपरा सापडायला नजर लागत नाही. माउस तिकडे जोरात ढकलला की तो तिथेच अडतो. विंडोज ११ मधलं मधोमध असलेलं स्टार्ट मात्र जागा सोडतं. एकेक प्रोग्राम उघडत गेलात की सगळी रांग पसरते आणि बटण थोडं थोडं डावीकडे सरकतं. हाताला ओळखीची जागा उरतच नाही. डोळे थकलेल्या, हात थोडा थरथरणाऱ्या माणसाला तर हा त्रास फार जाणवतो. त्याच पानावर वरच्या बाजूला ‘विजेट्स’ बंद केलंत की हवामानाचा पडदाही मध्येमध्ये येणार नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट करून घ्या. ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ समोर ‘नेव्हर’ निवडा. दोन एक्सेल फाइली उघड्या असल्या तर दोन्ही आपापल्या नावानिशी खाली दिसतील. विंडोज ११ आलं तेव्हा, २०२१ मध्ये, ही सोय काढून टाकली होती. २०२३ मध्ये ती परत दिली. ज्यांनी सुरुवातीला शोधून नाद सोडला, त्यांनी पुन्हा पाहावं.

आता ज्या गोष्टी बदललेल्याच राहणार आहेत त्या.

सगळ्यांत जास्त अडतं ते राइट क्लिकवर. फाइलवर राइट क्लिक केलं की जुनी लांबलचक यादी येत नाही, आणि कट, कॉपी, रीनेम, डिलीट हे शब्द यादीत सापडत नाहीत. ते यादीच्या कडेला आडव्या ओळीत छोट्या चित्रांच्या रूपात आहेत: कात्री म्हणजे कट, कचऱ्याची पेटी म्हणजे डिलीट. नव्या अपडेटमध्ये चित्रांखाली नावंही येतात. जुनी यादी हवीच असेल तर तळाचं ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून राइट क्लिक करा. माझा सल्ला असा की नाव बदलायला एफ २, आणि कॉपी-पेस्टला कंट्रोल सी व कंट्रोल व्ही हीच बटणं वापरा. ती बदललेली नाहीत.

स्टार्ट मेनूत वर पिन केलेले, म्हणजे कायम समोर ठेवलेले, प्रोग्राम असतात. बाकी सगळे ‘ऑल’ या बटणाखाली, किंवा नव्या अपडेटमध्ये तोच मेनू खाली सरकवला की दिसतात. रोजचे पाच-सहा पिन करा, नको असलेले अनपिन करा. सगळ्यांत सोपं म्हणजे स्टार्ट उघडून थेट नाव टाइप करणं. जुनं कंट्रोल पॅनेलसुद्धा असंच सापडतं. ‘रेकमेंडेड’ मध्ये अलीकडे उघडलेल्या फाइली दिसतात. घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील तर ते अनेकांना नको असतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथे ते बंद होतं. मात्र त्याबरोबर फाइल एक्सप्लोररमधली अलीकडच्या फाइलींची यादीही जाते, हे आधी लक्षात घ्या.

उजव्या कोपऱ्यात वायफाय आणि स्पीकर आता एकाच बटणात आहेत. तारखेवर क्लिक केलं की कॅलेंडर आणि सूचना.

मराठी टाइप करणाऱ्यांनी घाबरू नये. कीबोर्ड ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’ इथे आहेत. मराठी जोडा, तिच्यासमोरच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ मध्ये जा आणि इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जो हाताला सवयीचा तो ठेवा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते, पूर्वीसारखीच. अक्षरं बारीक वाटत असतील तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ वाढवा. वडिलांसाठी मी हे स्टार्टच्याही आधी करायला हवं होतं.

एक कळकळीची विनंती: पडदा हुबेहूब जुना करून देणारी कुठलीतरी अनोळखी सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तिथे तर नकोच.

आणि शिकवणारे तुम्ही असाल तर माउस आपल्या हातात घेऊ नका. शेजारी बसा, बोटाने जागा दाखवा, क्लिक त्यांनाच करू द्या. वडिलांनी एका चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोन ओळी त्यांनी स्वतःच खोडल्या.