सॅटेलाइटवर जंगल गायब दिसतंय? बोंब मारायच्या आधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात एक पोस्ट हमखास फिरते, डावीकडे हिरवागार डोंगर, उजवीकडे उघडाबोडका तपकिरी डोंगर, आणि खाली 'पाच वर्षांत काय करून ठेवलं बघा'. तारखा शोधायला गेलं की कळतं डावा फोटो नोव्हेंबरचा आहे आणि उजवा एप्रिलचा. मेळघाट घ्या नाहीतर ताडोबा, साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतो आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा आकडा, धाडकन खाली येतो, एकही झाड तुटलेलं नसताना. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) परत फेकतं, त्या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे एनडीव्हीआय.) तोड होतच नाही असं मला म्हणायचं नाहीये, उलट खरी तोड पकडायची असेल तर ही खोटी तोड आधी बाजूला काढावी लागते, नाहीतर वनखात्याचा माणूस तुमचा नकाशा दोन मिनिटांत उडवून लावतो आणि मग खरं असलेलंही कोणी ऐकत नाही.

त्यामुळे पहिला नियम, महिना सारखा ठेवा. पण महिना जुळला म्हणजे झालं असंही नाही.

दोन वर्षांची तुलना म्हणजे पावसाची तुलना

ऑक्टोबर २०१८ आणि ऑक्टोबर २०१९ घ्या. २०१८ ला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०१९ ला पावसाळा जोरात आणि परतीचा पाऊस तर ऑक्टोबर संपला तरी हटेना. आता या दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले तर मराठवाड्यातलं जवळजवळ कुठलंही गाव 'हिरवं झालं' असंच दिसणार, तिथे जलसंधारणाचं काम झालेलं असो वा नसो. असे रिपोर्ट छापलेले बघितलेत मी, रंगीत, ग्लॉसी कागदावर. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा आहे: त्याच महिन्याची निदान आठ-दहा वर्षं काढा, सोबत पावसाचा आकडा ठेवा, आणि जिथे काम झालंच नाही अशा शेजारच्या गावाचा आलेखही त्याच ग्राफवर टाका. दोन्ही रेघा एकत्रच वरखाली होत असतील तर श्रेय पावसाला द्या.

आधी आकडे सरळ करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याबद्दलच, कारण नकाशा सुंदर दिसतो, एरर येत नाही, आणि उत्तर चुकलेलं असतं.

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचं बघा. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीने प्रोसेसिंगची पद्धत बदलली आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवले जायला लागले. म्हणजे आधी ज्या झाडीचा इन्फ्रारेड ३५०० आणि लाल ५०० यायचा, एनडीव्हीआय ०.७५, तिचेच आकडे आता ४५०० आणि १५०० येतात आणि तुम्ही ते हजार वजा केले नाहीत तर एनडीव्हीआय निघतो ०.५. झाडं तीच, जागा तीच, आणि तुमच्या ग्राफमध्ये २०२२ ला कडा कोसळल्यासारखी घसरण. 'कोविडनंतर जंगल घटलं' छापाचे निष्कर्ष कुठे दिसले तर आधी हे विचारा. गूगलचं अर्थ इंजिन (उपग्रहाचे फोटो ऑनलाइन तपासायची सोय) वापरत असाल तर नावात 'हार्मोनाइज्ड' असलेलं कलेक्शनच घ्या, तिथे हा हिशोब करून ठेवलेला असतो. फाइल स्वतः डाउनलोड करत असाल तर मेटाडेटा (फाइलसोबतची माहिती) उघडून ऑफसेट, म्हणजे असा मिळवलेला आकडा, बघा, जुनी फाइल आहे म्हणून ऑफसेट नसेलच असं धरून चालू नका, कारण जुना डेटाही नव्याने प्रोसेस करून दिला गेलाय.

लँडसॅट या अमेरिकन उपग्रहमालिकेचंही तसंच. तिच्या कलेक्शन-२ मधल्या सरफेस रिफ्लेक्टन्सच्या (जमिनीने परत फेकलेल्या प्रकाशाच्या) आकड्याला आधी ०.००००२७५ ने गुणायचं, मग ०.२ वजा करायचे. हे न करता थेट एनडीव्हीआय काढला तर ०.७५ च्या जागी जेमतेम ०.३८ येतो. आणि गंमत म्हणजे ०.३८ हा आकडा आपल्याकडच्या झुडपी रानाला अगदी शोभून दिसतो, त्यामुळे संशयच येत नाही.

बँडचे, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचे, नंबर तर विचारूच नका. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये लाल म्हणजे बँड ३ आणि इन्फ्रारेड ४, लँडसॅट ८ आणि ९ मध्ये तेच ४ आणि ५. ८ साठी लिहिलेला कोड कोणीतरी कॉपी करून १९९५ च्या सीनवर (उपग्रहाच्या एका फोटोवर) चालवतं, तिथे ४ आणि ५ म्हणजे इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह, उत्तर येतं पण भलतंच. जुन्या आणि नव्या दोन्ही सीनवर खोल पाण्याची एक जागा आणि दाट झाडीची एक जागा क्लिक करून आकडे बघायची सवय लावा, पाणी शून्याच्या खाली आणि दाट झाडी साधारण ०.७ च्या वर यायला हवी, नाही आली तर पुढे जाऊच नका.

लँडसॅट ७ च्या फोटोत काळे तिरके पट्टे दिसतायत म्हणून फाइल खराब आली समजून चार वेळा डाउनलोड करणारेही भेटतात. फाइल ठीक आहे. ३१ मे २००३ ला त्या उपग्रहातला स्कॅन लाइन करेक्टर बिघडला, त्यानंतरच्या प्रत्येक सीनचा सुमारे २२ टक्के भाग रिकामाच आहे. त्या काळासाठी लँडसॅट ५ चा सीन मिळतो का बघा, तो २०११ पर्यंत बऱ्यापैकी चालू होता.

ढग आणि सावली

कोकणात जून ते सप्टेंबर ऑप्टिकल (साध्या प्रकाशातल्या) फोटोची आशा सोडा. 'ढग २० टक्क्यांपेक्षा कमी' असा फिल्टर लावून लोक निश्चिंत होतात, पण ते २० टक्के अख्ख्या टाइलचे (फोटोच्या चौकोनी तुकड्याचे) असतात, टाइल शंभर किलोमीटरहून मोठी, आणि तुमचं गाव नेमकं त्या २० टक्क्यांत असू शकतं. ढगापेक्षा त्याची सावली जास्त फसवते कारण ती पाण्यासारखी काळी दिसते. डोंगराची सावलीही. डिसेंबरात सकाळी अकराच्या सुमारास उपग्रह जातो तेव्हा सूर्य आग्नेयेला खाली असतो आणि सह्याद्रीचा कोकणाकडचा पश्चिम कडा सावलीत बुडालेला असतो, तिथे पाणी ओळखायचा इंडेक्स चालवला तर कड्यावर तळी उगवतात. उंचीचा डेटा घेऊन तीव्र उतार मास्क करा, म्हणजे हिशोबातून वगळा, बहुतेक तळी आटतात.

रडार ढगातून बघतं हे खरं, म्हणून पुरासाठी सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह वापरतात. पण ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरसारख्या पुरात मोठी अडचण असते उसाची. पुरुषभर उंच ऊस पाण्यात उभा असेल तर सी-बँड रडारला वरची पानंच दिसतात, खालचं पाणी नाही, म्हणून पूरक्षेत्र कमी भरतं, आणि कमी भरलेल्या नकाशावरून पंचनामा नाकारला जाऊ शकतो हे लक्षात ठेवा. शिवाय आधीचा फोटो चढत्या फेरीचा (उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना) आणि नंतरचा उतरत्या फेरीचा (उत्तरेकडून दक्षिणेकडे) असं मिसळू नका, बघायचा कोन बदलला की सगळंच बदलतं.

धरण, जलपर्णी आणि 'मायनस'

उजनीचं उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात बातमी येते 'उजनी मायनसमध्ये', आणि कोणीतरी त्याच आठवड्याचा सॅटेलाइट फोटो टाकून म्हणतं बघा किती पाणी आहे, लपवाछपवी चालूये. लपवाछपवी काही नाही. उजनीचा मृतसाठाच साधारण ६३ टीएमसी आहे, टक्केवारी मोजली जाते ती त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याची. शून्य टक्के म्हणजे कोरडं नव्हे. उलटीकडून, फोटोत पाण्याचं क्षेत्र निम्मं झालं म्हणजे पाणी निम्मं झालं असंही नाही, कारण उथळ फुगवट्याचा भाग आधी उघडा पडतो आणि खोल भाग शेवटपर्यंत भरलेला राहतो. क्षेत्रावरून साठा काढायचा तर त्या धरणाचा पातळी-क्षेत्र-साठा असा तक्ता लागतो.

त्यात जलपर्णी. पाण्यावर हिरवा गालिचा पसरला की उपग्रहाच्या लेखी ते पाणी नाही, पीक आहे. धरण 'आटलं' आणि काठाला 'शेती वाढली' असा दुहेरी घोटाळा होतो.

शेततळ्यांचंही बघा. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर, आणि लँडसॅटचा पिक्सेलही ३० बाय ३०. कागदावर एक तळं एक पिक्सेल. पण तळं काही पिक्सेलच्या चौकटीत बघून कोणी खोदत नाही, ते चार पिक्सेलमध्ये वाटलं जातं आणि चारही पिक्सेल म्हणतात इथे माती आहे. सेंटिनेलच्या १० मीटरवरही मधले मोजकेच पिक्सेल निखळ पाण्याचे. तालुक्यातली तळी मोजायला याहून बारीक फोटो लागतात.

शहर थंड, शेत गरम?

हा प्रश्न दर मे महिन्यात येतो: 'लँडसॅटचं तापमान काढलं तर शहरापेक्षा बाहेरची शेतं गरम दाखवतायत, कोड चुकलाय का?' कोड बहुतेक बरोबर असतो. उपग्रह मोजतो ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नाही, आणि मोजतो सकाळी अकराच्या आसपास. मे महिन्यात नांगरून ठेवलेली कोरडी काळी माती तेवढ्या वेळात तव्यासारखी तापते, शहरात निदान झाडं आणि इमारतींच्या सावल्या असतात. शहराची खरी उष्णता रात्री कळते, काँक्रीट दिवसभराची धग सोडत बसतं तेव्हा, त्यासाठी नासाच्या मोडिस या सेन्सरचं रात्रीचं तापमान बघा, पिक्सेल एक किलोमीटरचा असला तरी. आणि कृपा करून ४८ अंश पृष्ठभागाचं तापमान 'शहरात पारा ४८ वर' म्हणून छापू नका.

उरलेलं भराभर

फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या अहवालात 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि निदान १० टक्के छत्र, मालकी कोणाची आणि झाड कुठलं याला महत्त्व नाही. म्हणजे सिंधुदुर्गातली काजूची, आंब्याची बाग त्यात धरली जाते. आकडा वाढला म्हणून रान वाढलं असं लिहायच्या आधी हे बघा.

समुद्रकिनारा सरकला म्हणायच्या आधी दोन्ही दिवसांची भरती-ओहोटी बघा. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, सपाट पुळणीवर तेवढ्याने रेघ बरीच आत-बाहेर होते.

क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये) मोजू नका, आपल्या अक्षांशावर ते १२ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पुणे, नाशिक, संभाजीनगरसाठी यूटीएम या प्रोजेक्शनचा झोन ४३, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी ४४.

दोन वर्षांचे वर्गीकृत (जंगल, शेत, पाणी असे गट पाडलेले) नकाशे एकमेकांतून वजा करणाऱ्यांनी साधा हिशोब करावा: दोन्ही नकाशे ९० टक्के अचूक असतील आणि चुका एकमेकांशी निगडित नसतील तर दोन्हीकडे बरोबर असलेला भाग ८१ टक्के. आणि तुम्ही शोधताय तो बदल असतो दोन-तीन टक्के. मग नकाशावर दिसणारा बदल कुठून आला? म्हणून बदल दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या दोन्ही भागांतून रँडम ठिपके काढून गूगल अर्थ प्रोच्या जुन्या फोटोंवर एकेक तपासायचे, शक्य असेल तिथे गाडी काढून जायचं.

जायचं अजून एका कारणासाठी. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते उपग्रहातूनही स्वच्छ दिसलं. पण का झालं ते फोटोतून कळणं शक्यच नव्हतं, सोशल मीडियावर तोवर सतरा थिअरी फिरून झाल्या होत्या. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य हे उत्तर मिळालं ते सरोवरातून भरून आणलेल्या पाण्यातून, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत.