स्मार्ट बोर्डावर धूळ का बसते? या चुका टाळा

‘शिक्षकांची इच्छाच नाही.’ वर्गातला बोर्ड बंद दिसला की पहिलं वाक्य हेच कानावर येतं. बडोद्यात मी वीस वर्षं भूगोल शिकवते आहे आणि हे वाक्य मला लागतं, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं.

अडचण कुठे आहे हे न बघता शिक्षकाला दोष देणं, ही सर्वांत मोठी चूक. पेगी अर्टमर या अमेरिकी संशोधिकेनं १९९९ मध्ये अडथळे दोन प्रकारचे सांगितले. बाहेरचे म्हणजे यंत्र, वेळ, प्रशिक्षण, मदत. आतले म्हणजे शिकवण्याबद्दलच्या आपल्या धारणा. आधी बाहेरचे तपासा. तास पस्तीस मिनिटांचा, रिमोट ऑफिसच्या कपाटात, किल्ली शिपाईभाऊंकडे. वायर जोडून चित्र येईपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात आणि वर्गाचा बाजार झालेला असतो. दोनदा असं झालं की बाई खडूकडे वळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. रिमोट आणि वायर वर्गातच ठेवा. प्रार्थनेआधी एकानं बोर्ड सुरू करून बघावा. व्हिडिओ आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे नेट गेलं तरी तास अडत नाही.

एवढं करूनही वापर होत नसेल, तर त्या वापराचा उपयोग काय ते बघा. नवं तंत्र कामाला येईल का आणि वापरायला सोपं आहे का, या दोन गोष्टींवर माणूस ते स्वीकारतो, असं संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. पुस्तकाचंच पान पडद्यावर लावून कुणाचं भलं होत नाही. पण ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मी उपग्रहाच्या नकाशावर आमच्या शहरातली विश्वामित्री नदी दाखवली. पावागडाकडून येणारी, शहरात वळणावळणानं जाणारी. मुलं आपापली सोसायटी शोधायला लागली, पाणी कुठल्या वळणावरून शिरलं यावर भांडली. खडूनं हे मला जमलं नसतं. म्हणून आधी धडा ठरवा, साधन त्यानंतर.

सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून दिवसभर बटणं दाखवणं हेही टाळा. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर साहित्य भरपूर आहे, पण माझ्या धड्याला त्यातलं कुठलं लागेल हे माझ्या विषयाची सहकारीच सांगू शकते. आणि मुख्याध्यापकांनो, बोर्ड किती तास चालला याची वही ठेवू नका. वहीसाठी बोर्ड चालू राहील, एवढंच.

आमच्या एक ज्येष्ठ बाई मुलांसमोर चुकण्याच्या भीतीनं बोर्डाला हात लावत नव्हत्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही दोघी चार दिवस बसलो, त्यांचाच धडा घेऊन. पाचव्या दिवशी त्यांनी आठवीला ग्रहण दाखवलं. मध्येच आवाज गेला, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि वायर घट्ट बसवून आली. बाईंनी तास पुढे चालू ठेवला.