पाकाच्या सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस यीस्टने काढताना

ईटीपीतले, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतले, जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, पुढे ऑक्सिजन नसलेल्या टाकीत त्या नायट्रेटचा वायू होतो आणि नायट्रोजन हवेत निघून जातो. यीस्टचं काम तसं नाही. ते नायट्रोजन आणि फॉस्फरस खातं आणि अंगात साठवतं, एवढंच. यीस्ट वेळेत पाण्याबाहेर काढलं तर पाणी सुधारलं; टाकीतच मेलं तर खाल्लेलं सगळं पाण्यात परत. पुढची कृती वाचताना हे सतत ध्यानात असू द्या.

हे कुणाच्या उपयोगाचं? नवी मुंबईतल्या तुर्भे, रबाळे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मिठाई, सरबत, जॅम बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या. पाकाच्या कढया धुतलेल्या पाण्यात साखर भरपूर असते. त्यात खव्या-दुधाच्या भांड्यांचं आणि कँटीनचं पाणी मिसळलं, की इक्वलायझेशन टाकीत (जिथे सगळं सांडपाणी आधी एकत्र साठतं) प्रथिनं कुजून अमोनिया तयार होतो. असं गोड, अमोनियाचं पाणी यीस्टला मानवतं. सोसायटीच्या एसटीपीसाठी (घरगुती सांडपाण्याच्या यंत्रणेसाठी) मात्र हा मार्ग नाही. कारण पुढच्या हिशेबात आहे.

आधी हिशेब

एक ग्रॅम साखरेवर, हवा पुरेशी असेल तर, साधारण ०.४५ ग्रॅम कोरडं यीस्ट वाढतं. त्याच्या कोरड्या वजनात ढोबळमानाने ८ टक्के नायट्रोजन आणि सव्वा टक्का फॉस्फरस असतो. समजा, तुमच्या पाण्याचा सीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ रासायनिक रीतीने पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ५००० मिलीग्रॅम आहे आणि तो बहुतेक साखरेचा आहे. एक ग्रॅम साखरेचा सीओडी १.१२ ग्रॅम, म्हणजे साखर साधारण साडेचार ग्रॅम. त्यावर २ ग्रॅम यीस्ट वाढेल आणि ते १६० मिलीग्रॅम नायट्रोजन, २५ मिलीग्रॅम फॉस्फरस उचलेल. पाण्यात १२० नायट्रोजन असेल तर साखर पुरते. ३०० असेल तर पुरणार नाही. पाकाचं धुवण वाढवावं लागेल. उलट नायट्रोजन ५०च असेल तर यीस्टची वाढ मधेच थांबेल आणि साखर उरेल.

आता घरगुती सांडपाणी घ्या: सीओडी ४००, नायट्रोजन ४०. तो सीओडी सगळा साखरेचा धरला तरी जेमतेम १३ मिलीग्रॅम नायट्रोजन उचलला जाईल, शिवाय तेवढ्या पाण्याला आम्ल घालत बसावं लागेल.

म्हणून पाण्याची तपासणी करून घेताना सीओडी, एकूण केल्डाल नायट्रोजन (अमोनियातला आणि प्रथिनांसारख्या सेंद्रिय पदार्थांतला मिळून), अमोनिया, फॉस्फेट, पीएच आणि तेल-तूप हे सगळं मागा. कॉस्टिकचं किंवा क्लोरीनचं धुवण वेगळं ठेवा. त्याने यीस्ट मरतं. तूप आधी ग्रीस ट्रॅपमध्ये अडवा.

कोणतं यीस्ट

चाचणीला बेकरीचं कोरडं यीस्ट चालतं. ते साध्या साखरेवर वाढतं. दुधातली लॅक्टोज किंवा स्टार्च त्याला पचत नाही आणि नायट्रेटही घेता येत नाही. शिवाय साखर जास्त असली की हवा असूनही ते मद्यार्क करतं. कायमच्या कामाला टोरुला, म्हणजे कँडिडा युटिलिस, बरं: ते नायट्रेट घेतं आणि हवा असेल तर मद्यार्काकडे वळत नाही. पनीरच्या पाण्यासाठी क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शुद्ध वाणाची चौकशी तिथे करा.

१०० लिटरची चाचणी

२०० लिटरचा निळा एचडीपीई ड्रम घ्या आणि अर्धाच भरा. वरची जागा फेसाला लागतेच.

पीएच ४.५ वर आणा. या आंबटपणात बहुतेक जिवाणू मागे पडतात, यीस्ट पुढे जातं. त्यासाठी पातळ सल्फ्युरिक आम्ल वापरा. फॉस्फरिक किंवा नायट्रिक वापरू नका. जे काढायचं आहे तेच पाण्यात भरलं जाईल. आधी एक लिटर पाण्यावर किती आम्ल लागतं ते मोजा आणि शंभरपट करा. पातळ करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही; चष्मा-हातमोजे हवेतच.

५० ग्रॅम कोरडं यीस्ट अर्धा लिटर कोमट पाण्यात (३५ ते ३८ अंश) १५ मिनिटं भिजवून ड्रममध्ये सोडा. या ५० ग्रॅममध्येच ४ ग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे १०० लिटरमध्ये लिटरला ४० मिलीग्रॅम. हे विरजण, म्हणजे सुरुवातीला सोडलेलं यीस्ट, मेलं तर तेवढी भर तुम्हीच घातली. जास्त टाकलं की काम लवकर होईल, असं समजून मूठभर यीस्ट वाढवू नका.

हवेत बहुतेक जण कमी पडतात. वरच्या उदाहरणात १०० लिटरला साधारण २०० ते २५० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. उथळ ड्रममध्ये हवेतल्या ऑक्सिजनचा थोडाच वाटा पाण्यात विरघळतो, म्हणून मिनिटाला ४० ते ६० लिटर हवा देणारा पंप आणि बारीक बुडबुड्यांचा डिफ्यूजर घ्या. माशांच्या टाकीचा छोटा पंप इथे निरुपयोगी. आंबूस, दारूसारखा वास आला तर बहुधा हवा कमी आहे: साखर मद्यार्कात जाते, यीस्ट वाढत नाही आणि अमोनिया तसाच राहतो. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलीग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

तापमान २८ ते ३२ अंश हवं. नवी मुंबईत त्यासाठी हीटर लागत नाही. मे महिन्यात उलट ड्रम सावलीत ठेवावा लागतो, कारण वाढतं यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं.

दर दोन तासांनी पीएच बघा. अमोनिया उचलताना यीस्ट आम्ल सोडतं, म्हणून पीएच घसरणं हे चांगलं लक्षण आहे; ३.५च्या खाली जायला लागला तर सोडा अॅश थोडा थोडा द्या. पीएच आपोआप ५.५च्या वर चढला तर जिवाणू शिरल्याचा संशय घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४००पटीत बघा. अंडाकृती, कळ्या फुटलेल्या पेशी यीस्टच्या. बारीक वळवळ जिवाणूंची.

काढणीची वेळ

सहा ते बारा तासांत विरघळलेला ऑक्सिजन अचानक उसळी घेतो. साखर संपली, श्वास मंदावला. इथून पुढे तास-दोन तासांत काढणीला लागा. आपल्याकडच्या उष्म्यात उपाशी, हवा नसलेला गाळ दिवसभर पडला की पेशी फुटतात आणि अमोनिया-फॉस्फेट पाण्यात उतरतात. पहिल्या चाचण्या बहुधा इथेच फसतात.

यीस्टची पेशी ५ ते ८ मायक्रॉनची असते, त्यामुळे ती आपणहून नीट बसत नाही. आधी दोनेक लिटर दाट यीस्ट पुढच्या खेपेच्या विरजणासाठी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांत वापरा. मग उरलेल्यात कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचा, पेशींच्या गुठळ्या करणारा पदार्थ) घाला. लिटरला १० ते ५० मिलीग्रॅममध्ये नेमका डोस काचेच्या भांड्यांत चाचणी करून ठरवा. तुरटीनेही गुठळ्या होतात आणि फॉस्फेट आणखी उतरतं, पण मग तो गाळ जनावरांच्या खाद्याचा राहत नाही. दोन तास बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ कापडातून दाबून पिळा.

तपासणीला दोन नमुने द्या, एक गाळलेला आणि एक तसाच. गाळलेल्यात नायट्रोजन कमी आणि न गाळलेल्यात जवळपास पहिल्याइतकाच असेल, तर यीस्टने काम केलं आहे, काढणी तुमची राहिली आहे.

वरचं पाणी अजून आंबट असतं आणि त्यात थोडा बीओडी (जिवाणूंना कुजवता येईल असा मळ) उरतो. पीएच ७ करून ते ईटीपीच्या एअरेशन (हवा देण्याच्या) टाकीत सोडा, नाल्यात नाही. जमिनीवरच्या जलाशयात सोडण्याच्या सर्वसाधारण केंद्रीय मर्यादा अमोनिया नायट्रोजन ५०, केल्डाल नायट्रोजन १०० आणि विरघळलेला फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून, ५ मिलीग्रॅम अशा आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच धरा. ठाण्याची खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि जास्तीच्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळं माजतं.

पिळलेल्या गाळात कर्बाच्या मानाने नायट्रोजन फार असतो. नुसता ढीग घातला तर अमोनियाचा वास सुटेल. सुक्या पानांत किंवा कोकोपीटमध्ये मिसळून खत करा. विरजण चार-पाच खेपा चालतं. मेथिलीन ब्लूच्या थेंबात मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. शंभरात दहा-पंधरा निळ्या दिसू लागल्या की नवं यीस्ट आणा.