पास्त्यावरच पोट भरू नका

इटलीतल्या बोलोन्यात शिकायला असाल आणि वर्गातली मंडळी त्रातोरियात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, साग्रसंगीत रात्रीच्या जेवणाला निघाली, तर दुपारी हात राखून जेवा. आठच्या आधी फारसं कुणी बसत नाही आणि एकदा बसलं की दोन तास सहज जातात. आधी आंतिपास्तो म्हणजे सुरुवातीचं हलकं खाणं, मग प्रीमो म्हणजे पास्ता किंवा रिसोत्तो हा भाताचा प्रकार, मग सेकोंदो म्हणजे मांस-मासे. सोबतची भाजी वेगळी मागवावी लागते, तिला कोन्तोर्नो म्हणतात. शेवटी गोड आणि कॉफी. आपली गडबड होते ती प्रीमोला. ताल्यातेल्ले या लांब पट्ट्यांच्या पास्त्याची थाळी आली की तेच जेवण समजून आपण टोपलीतला पावही संपवतो.

सगळं मागवायलाच हवं असं मात्र नाही. विद्यार्थ्याच्या खिशाला प्रीमो आणि कोन्तोर्नो पुरे, कुणी नाक मुरडत नाही. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो दिसेल. तो बसण्याचा आकार, त्यावरून हुज्जत नको.

शाकाहारी असाल तर तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला छोटा पास्ता टाळा. सारणात डुकराचं मांस असतं, ज्या रश्शात येतात तोही मांसाचाच. लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांतले, रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले, त्याहून मोठे तोर्तेल्लोनी मागा. त्यातही बहुधा पार्मिजानो चीज असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, बनतं, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी आधीच विचारावं.

जेवणानंतर काप्पुचीनो नको, साधी एस्प्रेसो घ्या. बिल मागितल्याशिवाय सहसा येत नाही: ‘इल कोन्तो, पेर फावोरे.’