कोरलला तोंड मारणारे मासे कसे सांभाळायचे

डवऱ्याच्या बैलाला मुसकं बांधता येतं, माशाला नाही. म्हणून कोरल ब्युटी किंवा फ्लेम एंजल यांच्यासारखा छोटा एंजल मासा आणायचं मनात असेल तर आधी आपल्या समुद्री टँकात कोणते कोरल, म्हणजे प्रवाळ, आहेत ते बघा, माशाचं नंतर. दुकानदार छातीठोक सांगतो, ‘हा काहीच करत नाही.’ त्याच्या टँकात कोरलच नसतं, तर मासा करणार काय?

माझं दर्यापूर तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत साडेतीनशे लिटरचा समुद्री टँक. गिऱ्हाईक विचारतं, “आपल्या बोअरले खारंच पानी हाय, मंग मीठ काऊन इकत आनतं?” खारपाणपट्ट्याच्या पाण्यात क्षार असतात, पण समुद्रातल्या प्रमाणात नसतात. आरओचं पाणी आणि समुद्री मीठ, याला पर्याय नाही.

दगडी सांगाड्याचे कोरल, म्हणजे ॲक्रोपोरा, ब्रेन, हॅमर वगैरे, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मोठे शिंपले, म्हणजे जायंट क्लॅम, तेही त्यातच. ते घरी ठेवायचा विषयच नाही. गंमत म्हणजे गुबगुबीत ब्रेन आणि शिंपल्याची मऊ कड यांनाच हे छोटे एंजल सगळ्यात आधी तोंड मारतात. मग उरतात दगडी सांगाडा नसलेले मऊ कोरल: लेदर, मशरूम, झेनिया आणि बटणांसारख्या गुच्छांचा झोआ. लेदरच्या अंगात मुळातच माशांना न रुचणारी रसायनं असतात, त्याला सहसा कोणी हात लावत नाही. मशरूमही बहुधा वाचतं. खरी चिंता झोआची. जो झोआ गेला तर जीव हळहळेल, तो एंजल असलेल्या टँकात लावूच नका. आणि झोआचा दगड खरवडताना हातमोजे, चष्मा घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. तो दगड उकळायचा तर कधीच नाही.

फॉक्सफेस शेवाळ खातो, पोट भरलेलं असेल तर बहुतेक वेळा शहाण्यासारखा वागतो. त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात, हाताने धरू नका. कॉपरबँड बटरफ्लाय मासा ऐप्टेशिया, म्हणजे दगडांवर माजणारं उपद्रवी सी-ॲनिमोन, साफ करतो म्हणून लोक आणतात, पण बरेच कॉपरबँड टँकात काही खातच नाहीत. दुकानात डोळ्यांदेखत खाल्लं तरच पैसे मोजा. नारिंगी ठिपक्यांचा फाइलफिश दिसायला देखणा, पण तो ॲक्रोपोराच्या पॉलिपवरच, म्हणजे कोरलच्या इवल्या जिवंत तोंडांवरच जगतो. आपल्याकडे येऊन उपाशी मरतो. तो नकोच.

छोटा एंजल एका टँकात एकच, आणि सगळ्यात शेवटी सोडायचा. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आलेला मासा आधीच भेदरलेला आणि उपाशी असतो. त्याला आधी वेगळ्या टँकात खातापिता करा. मग भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून मोठ्या टँकात काही दिवस टांगा. डब्यातच तो नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) आणि मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) खायला शिकला की बाहेर आल्यावर कोरलकडे कमी वळतो. पुढे नवीन कोरल लावलं तर त्यावर प्लॅस्टिकची जाळीची टोपली पालथी घाला. नव्या वस्तूला तोंड लावून बघायची खोड असते. कोरल फुललं, जुनं झालं की बरेचदा सुटते.

खाणं थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. नोरी बिनमसाल्याची घ्यायची आणि क्लिपला सकाळीच लावून ठेवायची. उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या वर जातो. टँकचं पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. चिलर नसेल तर पाण्यावर पंखा मारा आणि उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअरपंप हवाच. फ्रीजरमधलं मायसिस एकदा वितळलं की पुन्हा गोठवून वापरू नका.

आता ओळखायचं कसं? मासा दिवसभर दगड टिपत असतो, त्याने घाबरायचं नाही. झोआच्या शेजारचा दगड टिपतो की पॉलिपच ओढतो, ते बघा. तुम्ही समोर उभे राहिलात की तो खाणं मागायला काचेशी येतो, म्हणून मोबाईल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग करा आणि खोलीबाहेर जा. अधूनमधून एखादा टोचा पडला, पॉलिप मिटला आणि तासाभरात उघडला, तर चालवून घ्या. तोच गुच्छ रोज मिटलेला राहत असेल, कडा झिजत असतील, तर मासा काढावा लागेल. खाणं वाढवून अशी लागलेली चटक सुटताना मी तरी पाहिली नाही, पाण्यातलं नायट्रेट मात्र वाढतं.

काढायला जाळी घेऊन मागे लागाल तर सगळे दगड उपसावे लागतील. प्लॅस्टिक बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत मायसिस ठेवा, बाटली आडवी ठेवून द्या. नाहीच आला तर दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा, झोपेत सुस्त असतो. आणि अमरावती-अकोल्याकडे कोणाकडे बिनकोरलचा समुद्री टँक आहे, तो हा मासा घेईल का, हे मासा विकत आणायच्या आधीच विचारून ठेवा.