डब्याच्या चुलीवर चार जणांचं जेवण: आधी काय, मग काय

पहिल्यांदा ही छोटी चूल घेऊन गेलो तेव्हा माझा हट्ट होता वरणभाताचा. पानशेतच्या बाजूला मित्राचं शेत आहे, चौघं जण गेलो, अकराला तूरडाळ चढवली आणि एक वाजला तरी डाळ आपली पाण्यात निवांत पोहतेय, दाणा दाबला की आत टणक, काटक्या संपत आलेल्या आणि भूक अशी की कोण कोणाशी बोलेना. शेवटी चिवडा, कांदा आणि भात असं जेवलो. तेव्हा कळलं की घरचा मेनू उचलून चुलीवर नेता येत नाही, चूल कशी जळते ते बघून त्याप्रमाणे जेवण लावायचं असतं.

आधी चुलीबद्दल थोडं. विकतची स्टीलची फोल्डिंग मिळते ती चालते, पण घरी करायची तर दोन पत्र्याचे डबे, एक मोठा आणि त्यात बोटभर जागा ठेवून बसेल असा एक लहान. मोठ्याच्या अंगाला खाली भोकं, लहानाच्या बुडाला भोकं आणि वर कडेच्या जरा खाली गोल एक रांग भोकांची, आणि वर दोन डब्यांच्या मधली फट झाकलेली. गंमत त्या वरच्या रांगेतच आहे. खालून शिरलेली हवा दोन पत्र्यांच्या मधून तापत वर येते आणि तिथून आत शिरते, आणि जो धूर एरवी तुमच्या डोळ्यात गेला असता तोच तिथे पेट घेतो. नीट लागली की भोकाभोकातून गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा दिसतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची संपदा शेगडी याच तत्त्वावरची. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र घेऊ नका, तापला की त्याचा धूर विषारी असतो. आणि पातेलं थेट तोंडावर ठेवायचं नाही, तीन खिळे किंवा जाळी लावून दोन बोटं फट ठेवा, नाहीतर चूल गुदमरते आणि मग सगळे मिळून फुंकत बसा.

आता काटक्या. लोक इथेच फसतात. अंगठ्याएवढ्या जाड, बोटाएवढ्या लांब, आणि मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे, वाकली तर ती ओली, ती बाजूला टाका. जमिनीवर पडलेल्यापेक्षा झाडावरच वाळून अडकलेली फांदी बरी असते, पावसाळ्याच्या शेवटाला तर तीच कामाची. बाभळीचे निखारे मस्त टिकतात, कोकणात असाल तर करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या, दुसरं काही शोधूच नका. कण्हेर आणि शेर अजिबात नको, कण्हेर विषारीच आहे आणि शेराचा चीक आणि धूर डोळ्यांना भयंकर. रंगवलेली फळी, प्लायवूडचे तुकडेही नको. किती गोळा करायच्या? तुम्हाला पुरेशा वाटतील त्याच्या तिप्पट. मी खरंच सांगतोय, दोन मोठ्या पिशव्या भरून घेतो आणि तोडूनच ठेवतो, कारण पिठलं ढवळताना एका हाताने लाकूड मोडता येत नाही.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे तांदूळ धुऊन भिजत घालणं, मग काटक्यांना जायचं, तेवढ्यात अर्धा तास जातो. मी इंद्रायणी नेतो, दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी, चौघांना पुरतो. डबा पाऊण भरेल इतक्या काटक्या उभ्या रचा आणि पेटवा वरून, खालून नाही. कापराच्या दोन वड्या आणि वर बारीक काड्या, एवढं पुरे. सुरुवातीला धूर येणारच, म्हणून पहिलं भांडं झाकणाचं हवं, म्हणजे भात. पाण्याला उकळी आली की तांदूळ, मीठ, झाकण, आणि आठ-दहा मिनिटं दोन-दोन काटक्या टाकत राहायचं, एकदम मूठभर टाकल्या तर ज्योत दबते आणि पुन्हा धूर. पाणी दाण्याच्या पातळीला आलं की भांडं उतरवून टॉवेलात आणि वर जाड चादरीत घट्ट गुंडाळून ठेवून द्या. वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप मुरतो, खाली लागतही नाही, आणि चूल मोकळी. एकाच तोंडाच्या चुलीवर हीच युक्ती सगळं जेवण उभं करते.

आता चूल रंगात आलेली असते, धूर गेलेला, मग उघडं भांडं म्हणजे पिठलं. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात आधीच कालवून बाटलीत भरून ठेवायचं, गुठळ्यांची भानगड नको. तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरच्या, कांदा. आणि इथे लक्ष द्या, घरी गॅस बारीक करतो तसं इथे बटण नाही, त्यामुळे हळद घालताना पातेलंच सांडशीने उचलून बाजूला धरायचं, जळली की सगळं कडू. मग बेसनाचं पाणी ओतायचं, परत चुलीवर, आणि सतत ढवळायचं. फट् फट् करत बुडबुडे फुटायला लागले आणि कच्चा वास गेला की झालं. भाकरी चुलीवर थापायचा नाद करू नका, एवढ्याशा तोंडावर तवा तापतो मध्ये आणि कड कच्ची राहते, घरून घेऊन जा.

शेवटी ज्योत संपते आणि निखारे उरतात, ते फुकट घालवायचे नाहीत. जाळी टाकून लहान वांगी, मिरच्या, लसणाची अख्खी गड्डी भाजा, वर पापड. मिरच्या आणि लसूण वाटीच्या बुडाने मीठ घालून ठेचले की ठेचा तयार. खरं सांगू, त्या दिवशी बेत काहीही असू दे, सगळ्यात आधी संपतो हाच. आणि वरणाची हौस असेलच तर मसूर किंवा मूग, तूर नाही. किल्ल्याच्या किंवा शिखराच्या उंचीवर तर तूर डोक्यातच आणू नका, दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर ते साधारण ९५ अंशालाच उकळतं.

पण किल्ल्या-शिखरांचं नाव काढलं म्हणून सांगतो, तिथे चूल पेटवायला जाऊ नका. कळसूबाई, हरिश्चंद्रगड हे अभयारण्यात येतात, आणि राखीव जंगलात किंवा अभयारण्यात आग पेटवणं कायद्याने गुन्हा आहे. फेब्रुवारी ते मे तर वणव्याचे दिवस, गवत नुसतं ठिणगीची वाट बघत असतं. गावात कुणाकडे तरी सांगून पिठलं-भाकरी खा, आपल्यापेक्षा चांगलं मिळतं. चूल आपली शेतावर, घराच्या अंगणात, ओळखीच्या माणसाच्या बांधावर, परवानगी घेऊन, आजूबाजूचा पाचोळा झाडून. तंबूत किंवा बंद खोलीत तर अजिबातच नाही, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो.

भांडी काळी होतात ही सगळ्यांची तक्रार. माझी आजी चुलीवर पातेलं चढवायच्या आधी बुडाला राख कालवून बाहेरून लेवण द्यायची, मग काजळी त्या लेपावर बसायची आणि पाण्याने सरळ निघायची. मी ओली माती फासतो, तेच काम. विसरलात तर रात्री घरी बायको-नवरा जो घासणार तो काय बोलेल ते तुमचं तुम्ही बघा.

निघताना राखेवर पाणी ओता, काडीने ढवळा, परत ओता, मग वरून हात धरून बघा आणि ऊब नाही याची खात्री झाल्यावरच बोट घाला. जरा कोमट लागली तर अजून एक बाटली.