जपानी क्रियापदाला कोणतं पार्टिकल? आधी मराठीतून बघा

पार्टिकल म्हणजे आपल्या 'ला', 'ने', 'त'सारखा, नामामागे येणारा छोटा शब्द. जळगाव-धुळ्याकडचे विद्यार्थी जपानी शिकतात ते बहुधा इंग्रजी पुस्तकांतून. 'आय लाइक बनानाज' डोक्यात ठेवून लिहितात, 'बानाना ओ सुकी देस'. हे चूक, कारण 'ओ' कर्माला लागतो. 'मला केळी आवडतात', अहिराणीत 'माले', असं म्हणताना केळी हीच कर्ता असते आणि जपानीतही तिला 'गा' लागतो: 'वाताशी वा बानाना गा सुकी देस' (वाताशी म्हणजे मी, 'वा' लागतो तो वाक्याचा विषय). समजणं (वाकारु), जमणं (देकिरु), हवं असणं (होशी), दुखणं (इताई) यांनाही 'गा'च. इथे मराठी कान बिनधास्त वापरा.

खरी अडचण आपल्या 'त'ची. 'रावेरात राहतो' आणि 'रावेरात काम करतो' यांत आपण फरक करत नाही, जपानी करते. नुसतं असणं किंवा राहणं असेल तर 'नि': रावेर नि सुंदे इमास. तिथे काही करत असाल तर 'दे': रावेर दे हातारायते इमास. पण 'बँकेत नोकरीला आहे' म्हणताना त्सुतोमेरु हे क्रियापद घेतलं, तर अर्थ जवळचा असूनही 'गिन्को नि'. आरु (असणं) तर दोन्ही घेतो. दुकान आहे, तर जळगाव 'नि'. लग्न आहे, तर जळगाव 'दे', कारण लग्न ही वस्तू नाही, तिथे घडणारी गोष्ट आहे. परीक्षेत हमखास चुकतं ते इथेच.

'ने' साधनाला लागला असेल तर डोळे मिटून 'दे': बासु दे इकिमास, बसने जातो. 'त्याने केळं खाल्लं' यातल्या 'ने'ला मात्र 'दे' कधीच नाही. तिथे 'वा' किंवा 'गा'. 'रस्त्याने चालतो' हेही फसवं: मिची ओ आरुकिमास. ज्या जागेवरून पुढे सरकायचं तिला 'ओ', म्हणून पूल ओलांडतानाही हाशी ओ वातारिमास.

बसमध्ये चढताना बासु 'नि' नोरिमास, उतरताना बासु 'ओ' ओरिमास. भुसावळला गाडी बदलायची तर भुसावळ 'दे' नोरिकाएमास, कारण बदलण्याची क्रिया तिथे घडते.

'ला' बहुतेकदा 'नि' होतो: मित्राला भेटणं, तोमोदाची नि आउ, सरांना विचारणं, सेन्सेइ नि किकु. अपवाद मदतीचा: 'आईला मदत करतो' म्हणजे हाहा 'ओ' तेत्सुदाइमास.

वहीत क्रियापद एकटं लिहू नका. 'नोरु = चढणे' नको, 'बासु नि नोरु' असं पूर्ण लिहा आणि त्याखालीच 'बासु ओ ओरिरु'. पाठ करतानाही जोडीनंच म्हणा.